डाव्या बाजूने सरकणारा ठिपका

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी भर दुपारी तारे पाहत बसायचे. पांढुर्ण्याच्या आमच्या घराची मधली खोली, खिडकीत कूलर, आणि टेबलावर मुलाने इंदूरला नोकरीला जाताना मागे ठेवलेला कॉम्प्युटर. मी शाळेत विज्ञान शिकवते. नागपूरला शिक्षकांसाठी एक शिबिर झालं होतं. तिथे पुण्याहून आलेल्या एका तरुण संशोधक बाईंनी आम्हाला हे काम दाखवलं. बरोबरच्या बहुतेकांनी चार दिवस करून सोडून दिलं. मी सोडलं नाही, कारण मला त्यात करमायला लागलं होतं.

काम सांगायला सोपं आहे. आकाशाच्या एकाच तुकड्याचे दोन फोटो घ्यायचे. एक जुना, माझे आईबाबा लहान होते त्या काळात काचेवर उतरवलेला आणि पुढे कॉम्प्युटरवर चढवलेला. दुसरा अलीकडचा. दोन्ही नेमके एकावर एक बसवायचे आणि बटण दाबत राहायचं. जुना, नवा, जुना, नवा. तारे खरं तर सगळेच धावत असतात, पण इतके लांब आहेत की माणसाच्या जन्मात त्यांचं हलणं कळत नाही. जे थोडे जवळचे आहेत आणि वेगाचे आहेत, तेच एवढ्या वर्षांत केसभर सरकलेले दिसतात. बाकी सगळे खिळ्याने ठोकल्यासारखे उभे, आणि त्यांच्यात एकच ठिपका इकडून तिकडे उडी मारतो. तो शोधायचा आणि त्यावर खूण करायची. मशीनही हे करतं, पण ताऱ्यांची गर्दी असली किंवा तारा फारच फिका असला की ते चुकतं. म्हणून माणसांचे डोळे लागतात.

फोटो उलट्या रंगाचे असायचे. आकाश पांढरं आणि तारे काळे. फिका तारा पांढऱ्यावर काळा असला तरच नजरेला सापडतो. पहिल्या दिवशी मला ते विचित्र वाटलं. कोणीतरी ज्वारीच्या पिठात मोहरी सांडली असावी तसं ते आकाश दिसायचं. पुढे सवय झाली, इतकी की बाहेर अंगणात उन्हात गेले तरी क्षणभर त्या पांढऱ्यात मी ठिपके शोधायचे.

पुण्याच्या बाईंनी एक गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली होती. दोन फोटोंत काही हललेलं दिसलं तर लगेच हुरळून जायचं नाही. जुन्या काचांवर धूळ असते, ओरखडे असतात, कधी एखादा डाग अगदी ताऱ्यासारखा गोल असतो. तिसरा फोटो शोधायचा, मधल्या काळातला. तारा खरा असेल तर तो मधल्या फोटोत त्याच रेषेवर, जिथे असायला हवा तिथेच सापडतो. नाही सापडला, तर तिथे कधी काही नव्हतंच असं समजायचं.

माझा डावा डोळा लहानपणापासून आळशी आहे. उजव्याला जाड भिंगाचा चष्मा लागतो, पण सगळं काम त्याच्याच भरवशावर चालतं. बारीक काही पाहायचं झालं की मी डावा डोळा मिटून घेते. ही सवय सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळेच लवकर लक्षात आलं नाही.

मे महिन्यात, लग्नसराई संपत आली असताना, मला भराभर तारे सापडायला लागले. आधी आठवड्यातून एखादा संशयित सापडला तरी मी यांना हाक मारून दाखवायचे. हे विजेच्या खात्यातून निवृत्त झालेले, बोलायला मोजके. येऊन पाहायचे, मान हलवायचे आणि पेपरकडे परत जायचे. आता एकाच दुपारी तीन तीन ठिपके हलताना दिसू लागले. आणि सगळे फोटोच्या डाव्या बाजूला. छोटा, काळा, गोल, कडा स्वच्छ. मी जुना फोटो लावायचे तेव्हा तो एका जागी, नवा लावायचे तेव्हा जरा खाली. मी खूण करायचे आणि पुढे जायचे. पुढच्या जोडीत पुन्हा डावीकडेच काहीतरी सरकायचं.

मला आनंद झाला होता हे खरं आहे. आपली नजर तयार झाली असं मला वाटलं.

एकदा मी यांना बोलावून त्यातला एक दाखवला. बटण दाबत म्हटलं, "हा पाहा, इथून इथं आला." त्यांनी चष्मा वर करून पाहिलं, पुन्हा खाली करून पाहिलं.

"मले काई हलून राहिलेलं दिसत नाई," ते म्हणाले.

मी पुन्हा बटण दाबलं. मला दिसला. त्यांना दिसला नाही. मी म्हटलं, फिका आहे, सवय लागते. ते त्यांच्या जागेवर जाऊन बसले, पण त्यांनी पेपर उघडला नाही. माझ्याकडे पाहत राहिले.

त्यानंतर काही दिवसांनी पुण्याहून फोन आला. बाई फार अदबीने बोलायच्या, मला ताई म्हणायच्या. त्यांनी आधी कामाचं कौतुक केलं, मग म्हणाल्या की गेल्या काही दिवसांतल्या माझ्या बहुतेक खुणांच्या जागी काहीच नाही. धूळ नाही, ओरखडा नाही, डागही नाही. कोरं आकाश आहे. कदाचित कॉम्प्युटरच्या काचेवर काही पडलं असेल, पुसून पाहा. मी त्या दिवशी ओल्या फडक्याने, मग कोरड्या फडक्याने काच पुसली. स्वच्छ काचेसमोर बसले. डावा डोळा मिटला. पहिलीच जोडी लावली आणि डाव्या बाजूने तो ठिपका हळूच आत आला.

या वेळी मी बटण दाबलं नाही. हात मांडीवर ठेवले आणि नुसती पाहत राहिले. फोटो एकच होता, बदलत नव्हता. तरी ठिपका सरकत होता. मी त्याच्याकडे सरळ पाहायला गेले तर तो तेवढाच बाजूला झाला. नजर थांबवली तर तो सावकाश खाली उतरला, जणू त्याला कसलीच घाई नव्हती. बाहेर रस्त्यावर आईसकांडीवाल्याची घंटा वाजत होती, कूलर घरघरत होता, आणि माझ्या अंगावर काटा आला. कारण असं जाणारं काहीतरी मी ऐकलेलं होतं. पाहिलेलं नव्हतं, ऐकलेलं.

माझे बाबा रामाकोन्याजवळच्या आमच्या संत्र्याच्या बगीच्यात दुपारी राखणीला बसायचे. माकडं यायची म्हणून. मी शाळेत असतानाच्या एका उन्हाळ्यात ते घरी येऊन सांगू लागले की बगीच्यातून कोणीतरी जातं. काळं, आणि नेहमी डाव्या हाताच्या ओळीच्या पलीकडून. पाहायला गेलं की झाडामागे होतं. पायाचा आवाज नाही, पाचोळा वाजत नाही. आधी घरच्यांना वाटलं चोर आहे. दोन गडी लावून पाहिलं, त्यांना काही दिसलं नाही. मग बाबांना ते घरीही दिसू लागलं, अंगणात, चुन्याच्या पांढऱ्या भिंतीवरून जाताना. तेव्हा माणसं आवाज खाली करून बोलू लागली. बाहेरचं आहे म्हणाली.

त्यांना जामसांवलीला नेलं. त्या काळी आम्ही बैलबंडीने जायचो. तिथे मारुती आडवा निजलेला आहे, आणि ज्यांना असं काही लागलेलं असतं ती माणसं त्याच्यासमोर येऊन बसतात, काही घुमतात, काही रडतात. बाबा घुमले नाहीत. शांत बसून राहायचे. कित्येक शनिवार आम्ही गेलो. मला आठवतं ते त्यांचं परत येतानाचं तोंड, बंडीत मान उजवीकडे वळवून बसलेले, डावीकडे अजिबात न पाहणारे.

पावसाळा लागला तेव्हा बाबांनी सांगितलं की आता ते दिसत नाही, पण उजव्या डोळ्यावर पडदा आला आहे. मग त्या डोळ्याने दिसणंच बंद झालं. गावाने त्याचा अर्थ आपल्या परीने लावला. ते गेलं, जाताना डोळा घेऊन गेलं. बाबा पुढे पुष्कळ वर्षं जगले, एका डोळ्याने संत्री पारखत राहिले. त्या उन्हाळ्याबद्दल आमच्या घरात पुन्हा कोणी बोललं नाही.

कॉम्प्युटरसमोर बसल्या बसल्या मला हे सगळं आठवलं आणि मी तो बंद केला. यांना सांगितलं नाही. विज्ञान शिकवणारी बाई, मी काय सांगणार होते? दोन दिवस मी त्या खोलीत गेलेच नाही. पण ठिपका खोलीत नव्हता. तो दुधाच्या पातेल्यावरून गेला. धुतलेल्या चादरीवरून गेला. मान झटकन वळवली की डोळ्याच्या कडेला विजेसारखी एक बारीक रेघ चमकायची आणि विझायची.

तिसऱ्या दिवशी मी सौंसरला आत्याला फोन लावला. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण, पंच्याऐंशीच्या पुढे गेलेली. त्या उन्हाळ्यातलं आठवणारं तेवढं एकच माणूस उरलं आहे. इकडचं तिकडचं बोलून मी सहज विचारावं तसं विचारलं, की बाबांना बगीच्यात दिसायचं ते नेमकं कसं होतं.

पलीकडे तिने हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"तुलेई दिसून राहिला का?" आत्याने विचारलं.

मी म्हटलं, सहज विचारलं.

"त्याले इचारू नको कोन हाय म्हनून," आत्या म्हणाली. "तुया बाबानं इचारलं होतं."

पुढे काय झालं ते तिने फोनवर सांगितलं नाही. शनिवारी जामसांवलीला ये, मी सौंसरवरून येतो, एवढंच म्हणाली. आमच्याकडे बायाही बोलताना येतो, जातो म्हणतात. मी बरं म्हटलं.

त्याच दुपारी मी पुन्हा कॉम्प्युटर लावला. हट्टाने लावला असं म्हणते, पण खरं म्हणजे भीती वाटत असली की माणूस त्या जागेजवळच घुटमळतं. पहिल्या काही जोड्या पाहिल्या. ठिपका होताच, पण आता मला तो ओळखू येत होता, त्याला वगळून मी पाहू शकत होते. मग एक जोडी आली तिचा खालचा डावा कोपरा नव्हता. जुन्या काचांच्या कडेचे फोटो कधी कधी असे अर्धवट येतात, म्हणून मला नवल वाटलं नाही. पुढच्या जोडीलाही तो कोपरा नव्हता. त्याच्या पुढच्याही नाही. कोपरा कापल्यासारखा नव्हता, तिथे करडी सावली होती, आणि तिची कड वाकडी होती. मी पुण्याला निरोप टाकला की आज आलेल्या फोटोंचा खालचा डावा कोपरा गायब आहे. थोड्या वेळात उत्तर आलं. फोटो पूर्ण आहेत ताई, मी आत्ताच उघडून पाहिले.

मी उत्तर वाचलं. मग उजवा डोळा मिटला आणि डावा उघडला, जो मी सहसा वापरत नाही. सगळं धुरकट होतं, पण फोटो चारही कोपऱ्यांनी पूर्ण होता. पुन्हा डोळा बदलला. कोपरा गेला. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. त्याचाही कोपरा गेला.

हे दारात उभे होते. किती वेळ उभे होते कोण जाणे. मी त्यांना सांगितलं, सगळंच सांगितलं, ठिपका, वीज, सावली, आत्याचा फोनसुद्धा. ऐकून झाल्यावर आत गेले आणि पायात चपला घालून बाहेर आले.

"नागपूरले चाल," ते म्हणाले. "आत्ताच. शनिवारची वाट पाहाची नाई."

मी म्हटलं, आत्या म्हणते. ते म्हणाले, "आत्याले मी सांगतो. मारुती कुठी पळून नाई जात. डोया जाईन."

स्टेशनवर जाऊन मिळेल ती गाडी पकडली. डब्यात मी खिडकीशी बसले होते आणि खालची सावली बाहेरच्या शेतांवर पडल्यासारखी दिसत होती, गाडीबरोबर पळणारी. नागपूरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी डोळ्यात थेंब टाकले, बाहुली मोठी झाल्यावर बराच वेळ झगझगीत उजेड टाकून आत पाहिलं. मग त्यांनी कागदावर डोळ्याचं चित्र काढून समजावलं. डोळ्याच्या मागे जो नाजूक पडदा असतो त्याला वरच्या बाहेरच्या बाजूने भोक पडलं होतं आणि तो भिंतीपासून सुटत चालला होता. तो वर सुटला की आपल्याला खाली दिसायचं बंद होतं. भोक पडताना रक्ताचा एखादा कण, पडद्याचा एखादा कपचा डोळ्यातल्या पाण्यासारख्या गरात सुटतो. तोच डोळ्यासमोर तरंगतो. पांढऱ्या गोष्टीवर जास्त दिसतो. जाड नंबरच्या माणसांना हे होतं, आणि घराण्यात असतं.

"घरात आणखी कुणाला झालं होतं का?" डॉक्टरांनी विचारलं.

मी म्हटलं, वडिलांना. पण तेव्हा कुणाला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. डोळ्यात वायूचा बुडबुडा भरला, पडदा दाबून धरायला, आणि मान खाली घालून राहायला सांगितलं. बसताना, जेवताना, निजताना. पांढुर्ण्याला परतल्यावर मी पलंगाच्या कडेला कपाळ टेकून दिवस काढले. डोळ्यासमोर फरशी आणि फरशीवर थरथरणारं एक गोल वर्तुळ. तो बुडबुडा होता, हे मला माहीत होतं. तरी त्यात कोणीतरी खालून वर पाहत आहे असं वाटायचं, आणि ते मी कुणाला सांगितलं नाही.

आत्या सोबतीला येऊन राहिली. ती पलंगाशेजारी पाटावर बसायची आणि मी मान खाली घातलेली, त्यामुळे आम्हाला एकमेकींची तोंडं दिसत नव्हती. मला फक्त तिची पावलं दिसायची, चांदीच्या जोडव्यांची. बहुधा म्हणूनच तिला बोलता आलं.

मी तिला डॉक्टरांनी काढलेलं चित्र समजावून सांगितलं होतं. बाबांना कोणी लागलेलं नव्हतं, त्यांचा पडदा फाटला होता, आणि वेळेवर नागपूरला गेलो असतो तर कदाचित डोळा वाचला असता. तिने सगळं नीट ऐकून घेतलं. असेल, म्हणाली. मग तिने सांगितलं ते मी फोनवर ऐकलं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात एका दुपारी ती बाबांचा डबा घेऊन बगीच्यात गेली होती. बाबा विहिरीच्या काठावर उभे होते, पाठ तिच्याकडे. तिने पाहिलं की ते कुणाशी तरी बोलत आहेत. त्यांनी विचारलं, कोण आहे. दोनदा विचारलं. मग गप्प झाले आणि मागे मागे सरकू लागले, तिच्या अंगावर येईपर्यंत. त्यांचे हात बर्फासारखे गार होते, मे महिन्यात. घरी येताना त्यांनी तिला एवढंच सांगितलं की रोज जाणारा आज थांबला. थांबला आणि वळला.

"डोयातला कचरा असन तं थांबन कसा, बाई?" आत्याने विचारलं. तिचा सूर भांडणाचा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

नजर स्थिर केली की तोही स्थिर होतो, असं मी म्हटलं. ते खरं आहे. पण तो वळला, असं बाबा म्हणाले होते. ठिपक्याला तोंड नसतं. आत्या उठून माझ्यासाठी ताक आणायला गेली.

बुडबुडा हळूहळू लहान झाला. मान वर करायची परवानगी मिळाली तेव्हा तो डोळ्यात पाण्याच्या पातळीसारखा डुचमळायचा आणि रोज थोडा खाली उतरायचा. एक दिवस खाली मण्याएवढा उरला आणि दुसऱ्या दिवशी नव्हता. नजर बरीचशी परत आली. कोपरा परत आला. सरळ रेघ थोडी लवलेली दिसते, ती तशीच राहील म्हणाले. डाव्या डोळ्यालाही पुढे धोका नको म्हणून डॉक्टरांनी लेझरने टाके मारले. इंदूरला मुलाला फोन करून डोळे तपासून घ्यायला लावले. त्याचा नंबरही जाड आहे. त्याने हो हो म्हणून तीन वेळा टाळलं आणि चौथ्या वेळी यांनी फोन घेतल्यावर गेला. त्याचे पडदे ठीक निघाले.

पुण्याच्या बाईंना मी सगळं कळवलं होतं. माझ्या त्या काळातल्या सगळ्या खुणा काढून टाका असं लिहिलं. त्यांनी लिहिलं की काढायच्या आधी एकदा आपण पाहू, घाई नाही. म्हणून शाळा सुरू झाल्यावर रविवारी दुपारी मी आणि हे दोघं कॉम्प्युटरसमोर बसलो. माझा डोळा अजून थकायचा, म्हणून पाहणारे हे आणि बटण दाबणारी मी. एकेक खूण उघडायची. ते नाकाशी चष्मा धरून पाहायचे आणि म्हणायचे, नाई. मी ती खूण पुसायची. पुढची. नाई. माझे ते सगळे तारे, ज्यांच्यासाठी मी इतकी हरखले होते, असे एकामागून एक पुसले गेले. मला वाईट वाटेल असं वाटलं होतं, पण हलकं वाटत होतं.

शेवटची खूण उघडली. हे चष्मा पुसून पुढे वाकले.

"पुन्हा दाब," म्हणाले. मी दाबलं. "पुन्हा."

मग त्यांनी बोट उचलून काचेजवळ नेलं, टेकवलं नाही. "हा चालला," म्हणाले.

मी माझ्या चांगल्या केलेल्या डोळ्याने पाहिलं. अगदी फिका, जवळजवळ नसल्यासारखा ठिपका होता. जुन्या फोटोत एका जोडताऱ्याच्या वर, नव्यात त्याच्या खाली. दुसरं काही हललं नव्हतं. तो फोटोच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात होता.

मी पुण्याला कळवलं. त्यांनी मधल्या काळातले फोटो काढून पाहायला काही दिवस घेतले. मग त्यांचा फोन आला आणि त्यांच्या आवाजातली ती नेहमीची अदब जरा विस्कटलेली होती. तारा खरा आहे, म्हणाल्या. मधल्या दोन फोटोंत तो त्याच रेषेवर, असायला हवा तिथेच सापडला. फिका, तांबडा, आपल्या शेजारातलाच म्हणावा असा, आणि भलत्याच वेगाचा. त्यांनी पाहिलेल्या कोणत्याही यादीत तो नव्हता. पक्कं करायला मोठ्या दुर्बिणीने पाहावं लागेल, त्याला किती दिवस लागतील सांगता येत नाही.

मग त्यांनी विचारलं, "ताई, ही खूण तुम्ही कधी केली आठवतं का?"

मला आठवत नव्हतं.

"तुम्ही कोपरा गायब आहे असा निरोप पाठवलात, त्याच दिवसाची आहे. तुम्ही ज्या जोड्यांबद्दल लिहिलंत त्यांतलीच ही एक. त्याच कोपऱ्यात खूण आहे."

मी म्हटलं, नजर इकडेतिकडे फिरताना तेवढा भाग दुसरीकडून दिसला असेल. किंवा आधी खूण केली असेन आणि मग कोपऱ्याकडे लक्ष गेलं असेल. त्या म्हणाल्या, हो, तसंच असणार. आम्ही दोघीही शिकलेल्या बाया, दोघींनीही ते मान्य केलं आणि फोन ठेवला. पण त्या दुपारी मी त्या कोपऱ्यात पाहून बटण दाबलं असं मला अजूनही आठवत नाही. मला आठवते ती फक्त करडी सावली, तिची वाकडी कड, आणि तिच्या पलीकडे काहीच नसणं.

दिवाळीच्या सुमारास आम्ही आत्याला भेटायला सौंसरला गेलो. वाटेत दोघांनी जामसांवलीला उतरून दर्शन घेतलं. यांनीच गाडी थांबवली. आत्याच्या ओट्यावर ऊन आलं होतं, ती तूर निवडत बसली होती. मी तिला ताऱ्याबद्दल सांगितलं. बाबांना दिसला तसाच मलाही दिसला, पण हा खरा निघाला, असं काहीसं मी हसत म्हणाले. ती हसली नाही. तिने विचारलं, तो जातो तरी कुठे. मी म्हटलं, ते कुणाला ठाऊक नाही, पण धावतो फार.

"आपल्याइकडं येऊन राहिला का?"

फोटोत फक्त आकाशाच्या पटावरचं सरकणं दिसतं. डावीकडून उजवीकडे, वरून खाली. आपल्या दिशेने येतो आहे की लांब जातो आहे, ते शेकडो फोटो ठेवले तरी त्यांच्यावरून कळत नाही, कारण सरळ आपल्याकडे येणारा ठिपका जागचा हललेला दिसतच नाही. त्यासाठी त्याचा उजेड रंगांत फोडून मोजावा लागतो, आणि तो अजून कुणी मोजलेला नाही. मी तिला हे जमेल तितक्या सोप्या शब्दांत सांगितलं.

आत्याने सूप खाली ठेवलं. समोरच्या पांढऱ्या उन्हाकडे थोडा वेळ पाहत राहिली. मग आम्हाला आत चला म्हणाली, भर दुपारी पुढचं दार लोटून कडी घातली आणि चहा ठेवायला गेली.